राजसमावशीची जागा

ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी राजसमावशी चर्चला आली नाही. मिरवणुकीत यामिनी माझ्यापुढे नारळाची झावळी हलवत चालली होती. पुढच्या मुलाच्या डोळ्यात पात जाईल म्हणून मी तिचा दंड धरून होते, आणि तरी माझी नजर मावशीच्या बाकाकडेच जात होती. बाकाच्या टोकाला तिची काठाची पांढरी साडी नव्हती.

उपासना सुटल्यावर तिची सून मला शोधत आली. "अम्माला काल अ‍ॅडमिट केलं, ऊर्मी," ती इंग्रजीत म्हणाली. "हार्ट. पायांत पाणी उतरलंय."

मी काहीतरी बोलले, प्रार्थना करते वगैरे. पण माझ्या डोळ्यांपुढे मावशी आलीच नाही. आली ती चर्चमागच्या दफनभूमीतली तिच्या नवऱ्याची कबर. त्या कबरीत माझा कौशिक आहे.

हे नीट सांगायला हवं.

आम्ही नगरचे. संकेतचं घर आणि माझं माहेर एकाच मंडळीतलं. संकेत एअरफोर्समध्ये इंजिन फिटर. चेन्नईजवळ तांबरमला बदली झाली तेव्हा यामिनी वर्षाची होती. चर्च घराजवळच होतं, पण उपासना तमिळ. नगरला बी.एस्सी. करत असताना मी गायनमंडळात पहिल्या ओळीत उभी राहायचे, इथे येऊन मुकी झाले. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. इथे पाळकांना 'अय्यर' म्हणतात. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मला कोपरानं ढोसून विचारलं होतं, "अगं, ब्राह्मण आहेत का हे?"

मला कळायचं ते फक्त वेदीवरचं कापड. जांभळं आलं की नाताळाआधीचा आगमनकाळ नाहीतर ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस. पांढरं म्हणजे सण. लाल एखाददुसऱ्या रविवारी. आणि मग हिरवं, महिनोन्‌महिने हिरवं. शब्द कळत नव्हते, पण वर्ष कुठवर आलं ते कळत होतं.

ती कापडं कोण बदलतं ते पुढे समजलं. एका रविवारी यामिनी बाकावर उभी राहिली म्हणून मी दबक्या आवाजात दटावलं, "खाली बस, पडशील." मागून कोणी म्हणालं, "पडूं दे की गे. पडल्याविना उठायचें कसें ठाव होईल?"

वळून पाहिलं तर एक ठेंगणी सावळी म्हातारी, दोन्ही नाकपुड्यांवर चमक्या. तिची मराठी मला शाळेतल्या बखरीच्या धड्यासारखी वाटली, पण सूर सगळा तमिळ. राजसबाई, तंजावरच्या मराठ्यांपैकी. कॉलेजात असताना सॅम्युएल नावाच्या रेल्वे गार्डशी लग्न करून तिनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बापानं घागर फोडून तिचं श्राद्ध घातलं होतं. "म्हणून मज मरणाचें भय नाहीं," ती सांगायची. "एक वेळ होऊन गेलें. पंगत बी उठली म्हणे."

चर्चमध्ये सगळे तिला राजम्मा म्हणायचे. मी मावशी म्हणू लागले, कारण तिनंच तसं सांगितलं. माहेरचं हाक मारायला तिला कोणी उरलंच नव्हतं.

शनिवारी दुपारी मी यामिनीला घेऊन तिच्याकडे जायचे. वेदीची कापडं धुवायची, भाताच्या पेजेची खळ घालायची, ओलसर असतानाच इस्त्री करायची. हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. मी इस्त्री करायचे, ती घड्या घालायची. घडी घालताना तमिळमध्ये प्रार्थना पुटपुटायची. मध्येच पाण्याचा टँकर आला की खिडकीतून शेजारणीला हाका मारायची, घागरी लावायला पाठवायची, आणि पुन्हा जिथे सोडली तिथून प्रार्थना सुरू.

"मावशी, तोवर देव थांबतो का?" मी एकदा विचारलं.

"थांबतो की. त्यास बी पाणी लागतें."

हिरवं कापड सगळ्यांत विटलेलं होतं. मी म्हणाले, कमिटीला सांगून नवं घेऊ या. ती म्हणाली, "सणाचा कपडा कपाटांत निजून राहतो. हा रोज अंगावर. विटणारच गे. आपण बी ह्यांतच विटतों." मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. पण त्या खोलीत, पेजेच्या वासात, माझी प्रार्थना परत सुरू झाली होती हे खरं. नगरच्या चर्चमध्ये ती गाण्यातून यायची. इथे हात चालत असताना यायला लागली, तीही अर्धी, तुटक. यामू गरम इस्त्रीला हात लावेल की काय याकडे अर्धं लक्ष ठेवून.

२००६च्या आगमनकाळात कौशिक सातव्या महिन्यातच झाला. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी बाहेरून त्याची छाती बघत बसायचे. वर, खाली. वर, खाली. मध्ये जरा वेळ लागला की नर्सला बोलवायचे. ती वैतागायची नाही. मला ते जास्त भीतीचं वाटायचं.

आशा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर अय्यर आले. नर्सनं सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरून त्यांच्या हातात दिलं. काचेच्या गोल खिडकीतून हात आत घालून त्यांनी कपाळावर बाप्तिस्म्याचे तीन थेंब सोडले. नाव विचारलं. आमचं काही ठरलं नव्हतं. संकेत म्हणाला, "कौशिक." चर्चमध्ये आगमनकाळाची दुसरी मेणबत्ती लागली त्या रविवारी दुपारी तो गेला.

मग जागेचा प्रश्न आला. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये अय्यर संकेतला हळू आवाजात समजावत होते. चर्चच्या दफनभूमीत नवी कबर खणायला जागाच उरलेली नाही. ज्यांच्या घरची जुनी कबर आहे त्यांना ती उघडून तिथे आपलं माणूस ठेवता येतं. बाहेरून आलेल्यांसाठी वंडलूरच्या पुढे नवी जमीन घेतली आहे, तिला भिंत अजून व्हायची आहे.

भिंत नाही हे ऐकल्यावर मला फक्त कुत्री दिसायला लागली.

"नगरला नेऊ," मी म्हणाले.

केवढा प्रवास आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मावशी बाकावर बसली होती, मांडीवर कापडांची पिशवी. चर्चमधून थेट आली होती. ती उठली, अय्यरांशी तमिळमध्ये दोन वाक्यं बोलली आणि माझ्याकडे वळली. "आमच्या घरच्यांची कबर हाय की. त्यांच्या उशाशीं ठेवूं. त्यांस लेंकरें फार आवडत."

"राजम्मा, नीट विचार करा," अय्यर म्हणाले.

"केला," ती म्हणाली.

अय्यर विचार करा का म्हणाले ते मला कळलं नाही. परक्याचं मूल कबरीत नको, असं घरच्यांना वाटेल म्हणून असेल, असं वाटलं. संकेतच्या युनिटमधल्या सुतारानं सागवानी पेटी करून दिली. एवढीशी. संकेतनं ती एकट्यानं उचलली.

कळलं ते पुढच्या वर्षी, दोन नोव्हेंबरला. नगरला आम्ही ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जातो. इथे सर्व आत्म्यांच्या दिवशी अख्खं गाव लोटतं. कबरी घासतात, चुना लावतात, शेवंतीची फुलं घालतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावून तिथेच बसतात, गप्पा मारतात, मुरुक्कू खातात. मी मावशीच्या सुनेबरोबर दगड धूत होते. सॅम्युएलकाकांच्या नावाखाली आणखी एक नाव कोरलेलं होतं. राजसबाई, जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि पुढे कोरा दगड.

"आता हा तसाच राहणार," सून म्हणाली.

"म्हणजे?"

ती थबकली. "तुला कुणी सांगितलं नाही? एकदा उघडली की चौदा वर्षं उघडता येत नाही. नियम आहे. अम्माची जागा होती ती. आता..." तिनं मान हलवली आणि बादली घेऊन नळाकडे गेली.

मावशी पलीकडे काथ्यानं पायरी घासत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले.

"चौदा वर्षें," ती वर न बघता म्हणाली. "रामानें काढलीं की. मी बी काढीन."

त्या दिवसापासून मी तिच्या तब्येतीवर डोळा ठेवायला लागले. गोळ्या घेतल्या का, मीठ कमी केलं का, पायऱ्या कशाला चढलीस. ती सुनेला म्हणायची, "ही पोर मज मरूं देईना." मी खरंच तिच्यावर जीव लावून होते. पण ती खोकली की मला जी भीती वाटायची ती तिच्यासाठी किती आणि त्या एवढ्याशा पेटीसाठी किती, हे मला वेगळं करता येत नव्हतं. नियमाला वाट असते. कमिटीच्या एका सभासदाची आई गेली तेव्हा तिच्या पुतण्याची कबर मुदतीआधीच उघडली होती. दोन्ही घरांची संमती होती, म्हणून. तेव्हा मला कळलं की आपल्यालाही कधीतरी कोणी विचारू शकतं.

आणि आता, झावळ्यांच्या रविवारी, मावशी दवाखान्यात होती.

सोमवारी गेले नाही. मंगळवारी यामिनीला सर्दी होती. बुधवारी संकेत म्हणाला, "मी जाऊन आलो. तुझी आठवण काढत होती."

"यामूला घेऊन दवाखान्यात कुठे जाऊ?"

"यामूला मी सांभाळतो. तू जा."

मी डाळ घाटत राहिले.

"तिनं काही विचारलं तर, या भीतीनं जात नाहीस ना?" तो म्हणाला.

"ती विचारणार नाही."

"मग?"

"जेबराज विचारेल. मुलगाच आहे. आईला बापाजवळ ठेवावंसं वाटणारच. आणि मी नाही म्हणू शकणार नाही, संकेत. मग ते खणतील."

त्यानं गॅस बारीक केला. डाळ उतू जायला आली होती.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीनची उपासना. एप्रिलचं ऊन, पंखे गरम वारा फेकत होते. वेदी उघडीबोडकी होती. कापडं काढून ठेवण्याचं काम या वेळी मी केलं होतं. इतक्या वर्षांत तमिळ थोडं कळायला लागलं होतं. क्रुसावरून आईला मुलगा आणि मुलाला आई सोपवली जाते त्या वाक्यापाशी मी यामिनीचे केस नीट करत राहिले. शेवटी दफनाचा भाग वाचला. अरिमथाईच्या त्या श्रीमंत माणसानं आपल्यासाठी खडकात खोदून ठेवलेली कबर येशूला दिली, हे मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, पुढे हा माणूस मेला तेव्हा त्याला कुठे ठेवलं असेल? आणि लगेच दुसरं मनात आलं. त्याची निदान तिसऱ्या दिवशी रिकामी तरी झाली.

असला विचार चर्चमध्ये केला म्हणून मी घाबरले. यामिनीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

शनिवारी मी एकटीनं पांढरं कापड धुतलं, खळ घातली, इस्त्री केली. ईस्टरच्या पहाटे सगळे एकमेकांना तो उठला आहे, खरोखर उठला आहे असं सांगत होते. मीही सांगितलं. अय्यरांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला, का ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी शेवयांची खीर करून, डबा घेऊन गेले. मावशी उशांना टेकून बसली होती. नाकात नळी. नळीसाठी चमक्या काढल्या होत्या, तिथली भोकं उघडी दिसत होती. तेवढ्यानं ती कोणी दुसरीच बाई वाटली.

"आलीस," ती म्हणाली. "पांढरें कोणी घातलें?"

"मी."

"खळ?"

"घातली."

"जास्त झाली असेल. तूं नेहमी जास्त घालतीस. कापड उभें राहतें, आपण बसतों."

मी हसले. चमच्यानं खीर भरवायला लागले. दोन घास घेतल्यावर तिनं माझं मनगट धरलं. बोटं गार होती.

"तूं का आली नाहींस, मज ठाव हाय."

मी चमचा डब्यात ठेवला.

"भिऊं नको गे. मज तिथें जायचें नाहीं. जेबास शपथ घातली, ऊर्मीकडे विचारायला जायचें नाहीं म्हणून. लेंकरूं निजलें हाय. त्यास उठवायचें नाहीं."

"पण मावशी, काका..."

"ते घोरत. चाळीस वर्षें ऐकलें. पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. ती हसायला गेली आणि खोकत राहिली. मी तिची पाठ चोळली. कणा हाताला लागत होता.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले. नुसतं बरं. आणि माझ्या अंगातून भीती उतरली.

थोड्या वेळानं डोळे मिटूनच तिनं विचारलं, "ती वंडलूरची जागा... तूं पाहिलीस का?"

"नाही."

"झाडें हायत का गे तिथें?"

"असतील," मी म्हणाले.

"हो. असतील," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी ती गेली. मी यामिनीला शाळेतून घेऊन येत होते तेव्हा सुनेचा फोन आला. उद्या दहा वाजता चर्चमध्ये उपासना, मग सगळे वंडलूरला, दोन बसेस सांगितल्यात. रडत होती, पण बसेसचं व्यवस्थित सांगितलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. मावशीला हॉलमध्ये ठेवलं होतं. चमक्या पुन्हा नाकात घातल्या होत्या. बायका तमिळमध्ये हळू आवाजात गात होत्या. जेबराज दाराशी उभा होता, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून तसाच आलेला, गळ्यात ओळखपत्राची फीत. मला वाटलं, आता विचारेल. तो म्हणाला, "थँक यू फॉर कमिंग, सिस्टर. चहा घ्या." यामिनीला बिस्कीट दिलं. अय्यर समोर होते, चर्च कमिटीचे सेक्रेटरी होते. कोणी एक शब्द काढला नाही. सगळ्यांनी मिळून मला सांभाळून घेतलं होतं. मी मावशीच्या पायाशी बसले आणि मला वर बघवेना.

जेबराज आणि संकेत तेवढ्यात मोटारसायकलवर वंडलूरला जाऊन आले, उद्याचं बघून ठेवायला. घरी परतल्यावर मी यामिनीला जेवायला वाढत होते.

"झाडं आहेत का तिथे?" मी विचारलं.

"कुठे?"

"वंडलूरला."

संकेत हात धूत होता. "नाहीत. सगळा खडक आहे. आता भिंत झालीये. पण झाड एकही नाही." मग म्हणाला, "का गं?"

मी यामिनीच्या भातावर ताक घातलं. ती म्हणाली, मला ताक नको होतं. मी म्हणाले, खा.

"जेबराजला फोन लाव," मी म्हणाले.

त्याला लगेच कळलं. तो पाटावर बसला. "ऊर्मी, तिनं स्वतः नको म्हटलंय. त्यांनी कुणी विचारलेलं नाही."

"म्हणून तर."

"पेटी वर काढावी लागेल. दोन पावसाळे गेलेत. काय असेल, काय नसेल..."

"माहीत आहे."

"बघवेल तुला?"

"नाही."

"मग?"

"मग तू बघ. मी तिथे असेन."

यामिनी विचारत होती, कुठली पेटी. संकेतनं तिला उचलून मांडीवर घेतलं, खरकट्या तोंडासकट. बराच वेळ तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसला. मग त्यानं फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

जेबराजनं ऐकून घेतलं. पलीकडे बायकांचं गाणं ऐकू येत होतं. "सिस्टर, अम्मानं मला शपथ घातली होती," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंच नाही. मी सांगतेय."

तो एकदम लहान मुलासारखा रडायला लागला, आणि मला हायसं वाटलं नाही, चांगलंही वाटलं नाही. फोन ठेवून मी यामिनीचं खरकटं तोंड धुतलं.

सकाळी सेक्रेटरी कागद घेऊन आले. संकेतनं सही केली, मी केली. उपासनेच्या आधीच खणायला सुरुवात करायची होती. अय्यर म्हणाले, तुम्ही चर्चमध्ये बसा, मी बोलावतो. मी नाही म्हटलं. यामिनीला शेजारच्या रम्याकडे ठेवलं होतं. तिला सोडताना मी दोनदा परत जाऊन गॅलरीची कडी बघून आले.

दफनभूमीत कडुनिंबाखाली मी उभी राहिले, कबरीकडे पाठ करून. समोर चर्चची मागची भिंत, तिच्यावर कावळे. फावड्याचा आवाज येत होता. आधी कोरडा, मग ओलसर. मग थांबला. मी मनात काहीही मागत नव्हते. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या काचेच्या पेटीसमोर मी जे मागितलं होतं ते मिळालं नव्हतं. मावशी वाचावी म्हणून, दवाखान्यात न जाता, जे मागितलं होतं तेही नाही. तरी कोणीतरी तिथे होतं, माझ्या पाठीमागे, फावड्याच्या बाजूला. हे मला पटवून सांगता येणार नाही. जसं लेकरू झोपलेल्या खोलीत आपण न बघता जाणतो, तसं.

"ऊर्मी," संकेत म्हणाला. "शाबूत आहे. एक कोपरा गेलाय फक्त."

तरी मी वळले नाही. त्यानं पेटी नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि माझ्या शेजारी येऊन पारावर बसला, पेटी मांडीवर घेऊन. मग मी बघितलं. कापडावर तांबड्या मातीचे डाग पडत होते. मी हात ठेवला. हात आपोआप थांबून राहिला, वर-खाली होण्याची वाट बघत. मग काढून घेतला.

असे आम्ही तिघं बसलो होतो. चर्चमधून गाणं ऐकू येत होतं, ईस्टरच्या आठवड्यातलं, आनंदाचं. या दिवसांत दुसरं म्हणत नाहीत, मयत असली तरी. नगरला असते तर मला राग आला असता.

मावशीला आणलं. खाली उतरवलं. जेबराजनं माती टाकली नाही, आधी आमच्याकडे बघितलं. खणणारा माणूस खड्ड्यात उतरून उभा होता. संकेतनं पेटी त्याच्या हातात दिली. त्यानं ती छातीशी धरली आणि मान वर करून तमिळमध्ये विचारलं, कुठे ठेवू? उशाशी, आधी होती तशी, की पायाशी?

सगळे माझ्याकडे बघत होते. माझं तमिळ भाजीवालीपुरतं.

"पाट्टी किट्ट," मी म्हणाले. आजीजवळ.

त्याला नीट कळलं नसावं. त्यानं हातानं विचारलं, इथे? मी मान हलवली. इथे? मी नाही म्हटलं. मग मी माझा डावा हात कोपरात वाकवून दाखवला, बाळ घेतात तसा.

"सरि," तो म्हणाला आणि खाली वाकला. मावशीच्या पेटीच्या डाव्या अंगाला त्यानं थोडी माती हातानं उकरली, पेटी तिथे बसवली, हलत नाही ना बघितलं, आणि वर आला.

अय्यरांनी पहिली मूठ टाकली. दुसरी जेबराजनं. तिसरी मूठ माझी होती, आणि ती मी दोघांवर मिळून टाकली. मग संकेत म्हणाला, चल, यामूला आणायचंय, आणि आम्ही गेलो.